१९७१ च्या युद्धावरची मालिका : चुका कुठे होतात?

सिन्नरफाटा : डिसेंबर १९७१. एक जागा जेसोर आघाडी (तेव्हाचा पूर्व पाकिस्तान, आताचा बांगलादेश), दुसरी सिन्नरमधलं जवानाचं घर. चित्रीकरण सगळं नाशिक परिसरात. हत्यारं आणि गणवेश 'भाड्याने मिळतील ते' असं ठरतंय. प्रेक्षक हमखास काय पकडतात? कंटिन्युइटीच्या वहीत (शॉटमागून शॉट तपशील जुळावेत म्हणून ठेवतात ती) काय लिहावं?

हिरवा_ओजी : 'मिळतील ते' म्हटलं की इन्सास रायफल येणार, आणि ती नव्वदच्या दशकातली. १९७१ ला ७.६२ मिमीची एसएलआर रायफल हवी. मॅगझिन २० गोळ्यांचं, दर गोळीला ट्रिगर वेगळा ओढायचा. त्यामुळे धडाधड फैरीचा आवाज संकलनात चिकटवू नका. वहीत प्रत्येक शॉटमागे किती गोळ्या उडाल्या ते लिहा. २१ वी आली तर मॅगझिन बदलताना दिसलं पाहिजे. गणवेश साधा ऑलिव्ह ग्रीन, ठिपक्यांचा नाही.

फौजेच्या जीपच्या नंबरप्लेटवर बाणाची खूण असते, तिच्या पुढचे पहिले दोन आकडे म्हणजे गाडी फौजेत आल्याचं साल. तिथे ९८ दिसलं की खेळ खलास. मारुती जिप्सी तर नकोच, ती नंतरची गाडी.

तोफखाना_देवळाली : बोफोर्स तोफेचा करार १९८६ चा, त्यामुळे ती बाद. २५ पाउंडर तोफ दाखवणार असाल तर भरायची रीत बघा : आधी गोळा आत सारून ठासतात, मग पितळी काडतूस वेगळं जातं. मालिकांत दोन्ही एकदम सरकवतात. दूरचा मारा दाखवताना आवाज उशिरा येऊ द्या. ठिणगी साडेतीन किलोमीटरवर दिसली तर धमाका साधारण दहा सेकंदांनी.

वायरलेसवर 'ओव्हर अँड आउट' हे फक्त पडद्यावरच. ओव्हर म्हणजे उत्तर दे, आउट म्हणजे बोलणं संपलं. दोन्ही एकत्र कसं चालेल?

नाशिकरोडकर : घरातल्या दृश्यांत जास्त गोच्या आहेत. पत्रावर पिनकोड नको, तो १५ ऑगस्ट १९७२ ला आला. उलट १५ नोव्हेंबर १९७१ पासून पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी ५ पैशांचं जादा तिकीट लागे. सिन्नरहून पाठवलेल्या लिफाफ्यावर ते दिसलं तर जाणकार खूश होतील. वीस रुपयांची नोट १९७२ ची, गांधीजींची मालिका १९९६ ची. घरात टीव्ही नाही, मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. इंदिराजींचं भाषण रेडिओवर ऐकवणार असाल तर ते ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतरचं. दिवेलागणीला सगळं घर रेडिओभोवती बसवू नका. भोंगा चढ-उतार करत वाजला तर हल्ल्याचा इशारा, एकसुरी वाजला तर धोका टळला. हे सर्रास उलटं दाखवतात.

हिरवा_ओजी : जागेचंही बघा. जेसोर म्हणजे गाळाची सपाट जमीन. मागे पांडवलेण्यांचा डोंगर किंवा काळा कातळ आला की सोंग उघडं पडतं. निफाड-नांदूरमध्यमेश्वरकडचा नदीकाठ, अभयारण्याची हद्द सोडून, जमेल. फक्त द्राक्षांचे मांडव आणि मोबाइल टॉवर टाळा.

चांदण्याचा हिशेब वहीत पहिल्याच पानावर. २ डिसेंबरला मार्गशीर्ष पौर्णिमा होती. जेसोर पडलं ७ तारखेला, त्या रात्री चंद्र जेवणवेळ टळल्यावरच उगवणार. १६ तारखेला, म्हणजे ढाक्यातल्या शरणागतीच्या दिवशी, जवळजवळ अमावस्या, तेव्हा ढाक्यावर पूर्ण चंद्र नको.

सिन्नरफाटा : आमच्या शेवटच्या भागात नेमका तोच आहे. काढतो.