जिनच्या आवारात कॉम्प्लेक्स होणार म्हणतात. हरकतीत नेमकं काय लिहावं?

गिरणीवाली

नमस्कार मंडळी. आमचं यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, शकुंतला रेल्वेच्या रुळावरचं. नाव टाकत नाही, नगरपरिषदेत अर्धे ओळखीचे आहेत.

बाजारओळीच्या मागं जुनी वस्ती आहे, तिथं आमची पिठाची गिरणी अन् मिरची-हळदीचं कांडप. समोरच्या भिंतीपलीकडं बंद पडलेलं जिन, म्हणजे कापसाची सरकी काढायचा कारखाना, तीनेक एकराचं आवार. मालक शेठजी गेले, वारस बाहेरगावी. आत बाभळी, भंगार आणि रात्रीची मंडळी. विकास आराखड्यात त्या जागेवर ‘खेळाचे मैदान’ असं आरक्षण आहे हे मला नोटीस वाचल्यावर कळलं, कारण इतक्या वर्षांत तिथं कोणी चेंडूसुद्धा टाकला नाही. आता ते आरक्षण बदलून वाणिज्य वापर करायचा प्रस्ताव आहे आणि एका महिन्यात हरकती-सूचना मागवल्या आहेत.

गिरणीत दळण टाकून बाई उभी राहिली की बोलतेच, म्हणून वस्तीचं मत मला घरबसल्या कळून राहिलं. ते एक नाही, तीच अडचण आहे. भाजीवाल्यांना ओटे पाहिजेत, आठवडी बाजारात त्या नालीच्या काठावर बसतात. आमच्या सासूबाईंना मैदान नको, ‘पोट्टे पत्ते कुटतीन’ म्हणतात. मास्तरीणबाईंना अभ्यासिका पाहिजे. भिंतीला लागून ज्यांची मातीची घरं आहेत त्यांना फक्त जेसीबीची भीती. आणि बाजाराच्या दिवशी खेड्यावरून आलेल्या बाया माझ्या गिरणीमागच्या न्हाणीत येतात, कारण साऱ्या बाजारात बायांसाठी संडास नाही. त्यांचं मत कोणी विचारणार नाही, त्या या वॉर्डाच्या मतदारच नाहीत.

मला स्वतःला कॉम्प्लेक्सचा राग नाही. परवडणारा गाळा भेटला तर मीच गिरणी तिकडं नेईन, इथं थ्री फेजचा रोज तमाशा आहे. पण नुसतं ‘आमचा विरोध आहे’ असं लिहून सह्या करायच्या आणि मग मागं बसायचं, हे मला पटत नाही. काय पाहिजे ते लिहिता येते का? लिहिलं तर कोणी वाचते का? वस्तीतले पुढारी म्हणतात एकच अर्ज करा, सगळ्यांच्या सह्या घ्या.

झोनदाखला

ताई, मी नगररचनेत आरेखक होतो, आता निवृत्त आहे. सह्यांचा एकच अर्ज करू नका. पाचशे सह्या असल्या तरी तो आवक रजिस्टरला एकच नंबर घेतो आणि सुनावणीचं पत्र पहिल्या सहीवाल्याच्या नावानं निघते. तो त्या दिवशी लग्नाला गेला की संपलं. दहा घरांचे दहा अर्ज द्या, प्रत्येकाची पोच शिक्क्यानिशी घ्या.

नोटीस बहुतेक महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ खाली असेल. त्यात हरकत देणाऱ्याचं म्हणणं ऐकून घेऊन मगच प्रस्ताव मंजुरीसाठी वर जातो. ‘हरकती व सूचना’ असे दोन शब्द आहेत ते यासाठीच, काय पाहिजे ते बिनधास्त लिहा.

पण त्याआधी एक पाहा. आरक्षण टाकून दहा वर्षं झाली आणि जागा घेतली नाही, तर मालक कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप व्यपगत होते, म्हणजे जागा मोकळी. वारसांनी अशी नोटीस दिली आहे का? दिली असेल आणि मुदत संपत आली असेल तर तुम्ही मैदानासाठी भांडत बसाल अन् हातात काहीच राहणार नाही. नगरपरिषदेकडं जागा विकत घ्यायला पैसा नसतो, हे सांगायची गरज नाही.

दुसरं, भूमी अभिलेखमधून आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा आणि धारणाधिकाराचा रकाना वाचा. वऱ्हाडात जुनी जिनं नझूलच्या, म्हणजे सरकारी जमिनीच्या, पट्ट्यावरही आहेत. तसं निघालं तर मालक वारस नव्हेत, शासन आहे, आणि पट्टा कशासाठी दिला होता ही अट उभी राहते. माहिती अधिकाराच्या भरवशावर राहू नका, त्याच्या उत्तराला ३० दिवस आणि तुमची मुदतही महिन्याची. सरळ जाऊन नक्कल मागा, सोबत भाग नकाशा घ्या.

मधला मार्गही आहे. २०२० च्या एकत्रीकृत नियमावलीत समावेशक आरक्षण म्हणून तरतूद आहे. मालकानं ठरलेला हिस्सा विकसित करून नगरपरिषदेला फुकट द्यायचा, उरलेल्यावर आपलं बांधायचं. किती हिस्सा ते आरक्षणाच्या प्रकारावर, तक्ता नियमावलीत आहे. टीडीआरच्या, म्हणजे जागेच्या बदल्यात दुसरीकडं जादा बांधकामाचा हक्क द्यायच्या, गोष्टी कोणी केल्या तर हसा. आपल्या गावात चौथा मजला कोण चढवते की टीडीआर विकत घेईल?

सोळाशे मीटर

ताई मैदान सोडू नका प्लीज. आम्ही पोलीस भरतीवाले पहाटे राज्यमार्गावर पळतो. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० असते. डंपर अंगावर येते, ड्रायव्हर झोपेत असते. माझी बहीण आता पळायलाच जात नाही, घरचे पाठवत नाहीत. आम्हाला टर्फ नको, स्टेडियम नको. मुरूम टाकून रोलर फिरवला अन् दोन लाइट लावले तरी झालं. गोळाफेकीला एक कोपरा.

काजळी

आजोबा सांगून राहिले, मी टाइप करून राहिलो. ते त्या जिनात रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, होते.

“बाई, तू लहान असशीन तवाची गोष्ट. सीझनमंदी बंड्याची लाइन वेशीपावतर लागे. रात्री बैलं तिथंच, कास्तकार बंडीखाली झोपे. रुईच्या गाठी शकुंतलेनं मूर्तिजापूरले जात अन् तिथून मोठ्या गाडीनं मुंबईले. १९७२ ले कापूस खरेदीचा सरकारी एकाधिकार आला तवा बी जिन चाले, सरकारचा कापूस पिंजे. १९९४ ले गाडीचं कोयशाचं इंजिन गेलं, मंग जिनाचीबी हवा गेली. तुमी मैदान म्हना, कॉम्प्लेक्स म्हना, मले काई घेनं नाई. पन आंदी आतला हौद पाहा. जिनाले आग लागे म्हून मोठा हौद असे, आमचा पुरुषभर खोल हाये, वरतून झाडोऱ्यानं झाकला हाये. दोरी बांधल्याबिगर पोट्टे आत सोडू नोका. अन् छपराचं सागवान अन् लोखंडी कैच्या मोजून ठेवा. पाडाच्या ठेक्यात तेच पयले गायब होते.”

मुरूम लागेपर्यंत

मी बांधकामाचे ठेके घेतो म्हणून मातीवाल्या घरांबद्दल लिहितो. बाकी कोणी लिहिणार नाही.

आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. म्हणून मोठ्या इमारतीचा पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागते. जिनच्या भिंतीला लागून अशी खोदाई झाली, त्यात तळघराची पार्किंग असली, तर शेजारच्या धाब्याच्या घराखालची माती सरकते. त्या घरांना पायाच नाही, पांढऱ्या मातीच्या भिंती जमिनीवरूनच उठल्या आहेत. तडा गेला की ठेकेदार म्हणते, आधीचाच होता. म्हणून खोदाईच्या आधी प्रत्येक घराचे फोटो तारखेसह काढा, नगरपरिषदेच्या अभियंत्यासमोर पंचनामा मागा. भिंतीपासून किती अंतर सोडणार आणि तळघर आहे की नाही, हे नकाशातच लिहून मागा. पावसाळ्यात खोदाई नको, ही अट टाकाच.

पाण्याचंही पाहा. तीन एकराचं पाणी आज जमिनीत जिरते. सिमेंट झालं की तेच पाणी तुमच्या गिरणीसमोरच्या नालीत येईल.

गल्ला

सगळे भावनेनं बोलून राहिले. व्यापाऱ्याचं ऐका. गावात बीओटीवर (ठेकेदारानं बांधायचं, काही वर्षं चालवायचं, मग परत द्यायचं) बांधलेला एक कॉम्प्लेक्स आहेच. तळमजल्याचे गाळे भरले, वरचे वर्षानुवर्षं कुलूपबंद, जिन्यात पान खाऊन थुंकतात. अनामत एवढी ठेवली की गावातला माणूस लिलावात बसलाच नाही, बाहेरच्यानं घेऊन पोटभाड्यानं दिले. मी स्वतः पोटभाडेकरू आहे. मैदानाला माझा पाठिंबा नाही, त्याची देखभाल कोणी करत नाही. पण आणखी एक माळा गाळे म्हणजे आणखी एक माळा कुलपं.

गिरणीवाली

सगळ्यांचे आभार, आजोबांना नमस्कार सांगा. हौदाचं वाचल्याबरोबर जिनच्या चौकीदाराला गाठलं, त्यानं फाटकाला साखळी घातली.

भूमी अभिलेखला जाऊन आले. आखीव पत्रिकेवर नझूलचा उल्लेख नाही, जागा वारसांच्याच नावानं आहे. १२७ च्या नोटिशीचं विचारलं तर नगरपरिषदेत ‘फाइल साहेबांकडे आहे’ एवढंच उत्तर आलं. म्हणजे दिली असावी असं मी धरून चालले. गल्लाभाऊ, तुमचं मत आमच्या सासूबाईंच्या मताला जाऊन मिळते, त्यांना वाचून दाखवलं तर खूश झाल्या.

अर्ज वेगवेगळे करतो आहोत, पण मागणी एकच ठेवली: आरक्षण पूर्ण उठवू नका, समावेशक आरक्षणातून भागवा. नगरपरिषदेला मिळणाऱ्या हिश्शात मुरमाचं मैदान आणि बाजाराकडच्या तोंडाला ओटे व बायांचं संडास. अभ्यासिकेवर मास्तरीणबाई अडून बसल्या होत्या, त्यांना म्हटलं मालकाच्या बांधकामातला वरचा माळा मागा, तसाही तो रिकामाच राहणार. भिंतीलगतच्या घरांनी फक्त खोदाईच्या अटी लिहायच्या, बाकी काही नाही, म्हणजे तो मुद्दा गर्दीत हरवणार नाही. पुढारी नाराज आहेत, त्यांच्या अर्जावर सह्या कमी पडल्या.

झोनदाखला काका, एक राहिलं. बाजाराला येणाऱ्या खेड्यावरच्या बाया या हद्दीत राहत नाहीत. त्यांनी अर्ज दिला तर घेतात का, की ‘तुमचा काय संबंध’ म्हणून परत करतात? चार-पाच जणी तयार आहेत, एकीला सही येत नाही.

झोनदाखला

नोटिशीत ‘कोणतीही व्यक्ती’ असं असेल तर पत्त्याचा प्रश्न येत नाही, तो शब्द एकदा पाहून घ्या. दर बाजाराला येते, बसायला जागा नाही, संडास नाही, एवढा संबंध लिहिला की पुरे. अंगठा चालते, बाजूला ओळखणाऱ्याची सही घ्या. आणि सुनावणीची तारीख बाजाराच्या दिवशी ठेवू नये असं आताच लेखी द्या, नाहीतर त्या येणार नाहीत.

गिरणीवाली

हे बरं सांगितलं काका. उद्या बाजारच आहे, तिथंच अंगठे घेते.