वादळ अर्ध्या दिवसाचं, अंधार महिन्याचा : तुमच्याकडे कसं होतं?

जूनमधे पहिला जोराचा वारा सुटला की आमच्या घरी निसर्ग चक्रीवादळाचा विषय निघतोच. 3 जून 2020. वारा कसा होता ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय, ते नको. लाईट गेल्यावर घर कसं चालवलंत ते लिहा, कुठल्याही वादळाचं चालेल. सुरुवात मी करते.

आमचं घर दिवेआगरजवळ, नारळ-सुपारीची वाडी. लॉकडाऊनमुळे मुंबईहून दीर-जाऊ-मुलं आलेली, एकूण नऊ डोकी. लाईट सकाळीच गेली. दुपारी आधी डोंगराकडून वारा, मग थोडा वेळ एकदम चिडीचूप, दीर म्हणाले संपलं वाटतं, सासरे म्हणाले दाराला हात लावू नको, आणि मग समुद्राकडून जो उलटा सुटला त्याने पडवीचे पत्रे नेले ते आजपर्यंत सापडले नाहीत, शेजारच्यांचे दोन मात्र आमच्या विहिरीवर. संध्याकाळी बाहेर आलो तर मागच्या दारातून समुद्र दिसत होता. लग्न होऊन सोळा वर्षं झाली होती, तोवर कधी दिसला नव्हता, मधे वाडी होती ना.

दुसऱ्या दिवशी पाणी संपलं. विहीर भरलेली, पण रहाट कधीच काढून पंप बसवलेला. सासूबाईंनी माळ्यावरून पोहरा काढला, त्यात चिंचोके भरून ठेवलेले. आम्ही टाकला की तो नुसता तरंगायचा. "अगं दोराला झटका दे, तोंड पालथं पडलं पाहिजे त्याचं!" हे त्या काठावर बसून दिवसातून चाळीसदा ओरडायच्या. गुडघ्यांमुळे एरवी अंथरुणातून उठत नव्हत्या.

---

दापोलीकडचे आम्ही. 5 तारखेला वटपौर्णिमा होती, आठवतंय का? आमचा वड मुळासकट आडवा. बायका सूत घेऊन उभ्या, फेरे मारायचे कसे? शेवटी एका फांदीला गुंडाळलं. माझी आत्या म्हणाली, यंदा वडच आपल्या पाया पडलाय, अजून काय पाहिजे. फ्रीजरमधला वर्षाचा आंब्याचा रस वितळायला लागला म्हणून आख्ख्या वाडीला वाटला, तीन दिवस सकाळ-संध्याकाळ रस. पोरं कंटाळली शेवटी.

---

मी तेव्हा डोंबिवलीत, आईबाबा श्रीवर्धन तालुक्यात. पाच दिवस फोन नाही. जायचं तर ई-पास, रस्त्यावर झाडं. सहाव्या दिवशी अनोळखी नंबर, गावातला एक मुलगा घरोघरचे नंबर कागदावर लिहून बाईकवरून रेंज मिळेपर्यंत गेलेला आणि एकेकाला लावत होता. "दादा, दोघं बरी आहेत, कौलं गेली, गाय वाचली, ठेवतो, अजून तीस जण आहेत." इतकंच. मी बाथरूममधे जाऊन रडलो.

---

निसर्ग नाही, तौक्ते. मे 2021, मालवण. बाबा कोविडमधून घरी आलेले आणि ऑक्सिजनच्या मशीनवर. इन्व्हर्टर दोन-अडीच तास चालला. रात्र, पाऊस, ॲम्ब्युलन्स येईना. मग काकांना सुचलं, मांडववाल्याकडे जनरेटर असतो, त्या वर्षी लग्नंच नव्हती त्यामुळे पडूनच होता. तो बिचारा रात्री दीडला टेम्पोत घालून घेऊन इलो, डिझेलसकट. पैसे घेतले नाहीत. आता लग्न निघालं की मांडव त्याचाच.

---

ह्यूस्टनमधून. जुलै 2024, बेरिल. वीस लाखांवर ग्राहक अंधारात, आम्ही सहा दिवस. अमेरिकेत असं होतं हे सासूबाईंना पटेना, त्या तेव्हा आमच्याकडे होत्या. शेगडी इलेक्ट्रिक, म्हणजे चहासुद्धा नाही! बार्बेक्यूच्या गॅसवर कुकर लावला, अंगणात शिट्ट्या, शेजारचा घाबरून बघायला आला, त्याला खिचडी दिली. उकाडा असा की दुपारी गाडीत एसी लावून बसायचं आणि तिथेच फोन चार्ज.

---

मूळ धागा काढणाऱ्या ताईंना : लाईट कधी आली मग तुमच्याकडे?

---

एकोणतीस दिवसांनी. पोल गावातल्या पोरांनीच दोर लावून ओढत वर आणले, बाहेरगावचे वायरमन आले होते त्यांची जेवणं आमच्या ओटीवर. आली ती पण रात्री दोनला, कोणाला कळलंच नाही. मागच्या बाजूला धो धो आवाज, सासरे म्हणाले पाऊस वाढला. मी बॅटरी घेऊन गेले तर टाकी वाहत होती. 3 तारखेला पाणी भरायला पंप लावला होता, त्याचं बटण महिनाभर चालूच.