मदत हवी आहे: आजी बाथरूमच्या भीतीने पाणीच पीत नाहीत

नमस्कार. मी वृद्धांच्या शुश्रूषागृहात नर्स आहे. इथे येऊन आठ महिने झाले, त्याआधी सर्जिकल वॉर्डात होते. तिथला पेशंट चार दिवसांनी घरी जायचा. इथे माणसं राहायलाच आलेली, त्यांचा अख्खा दिवस आमच्यावर अवलंबून.

सकाळच्या पाळीला मी आणि एक मदतनीस, दोघींकडे मिळून चौदा जण. अंघोळी, कवळ्या धुणं, कपडे, गोळ्या, नाश्ता, शिवाय अंथरुणाला खिळलेल्यांना दर दोन तासांनी कूस बदलून देणं. कूस बदलण्याचा तक्ता भिंतीवर आहे, त्यावर सही करावी लागते, त्यामुळे ते कधी राहत नाही. पाणी पाजणं आणि बाथरूमला नेणं याचा तक्ताच नाही. घाई झाली की नेमकं तेच राहतं.

एक आजी आहेत, वय ८४. पक्षाघातानंतर डावी बाजू अशक्त, पण बुद्धी तल्लख. आधार दिला की कमोडपर्यंत चालतात. पंधरा दिवसांपासून तोंड कोरडं, लघवी गडद, पोट साफ होत नव्हतं. परवा संध्याकाळी एकदम बरळायला लागल्या, मला ओळखेनात. डॉक्टरांनी तपासलं, पाणी कमी पडल्याचं सांगितलं. आता बऱ्या आहेत.

मला वाटत होतं, वयामुळे तहान लागत नसेल. म्हातारपणी तहानेची जाणीव कमी होतेच. पण काल वेणी घालताना त्या हळूच म्हणाल्या, "प्यायलं की जावं लागतं. बेल वाजवून कोणी येईपर्यंत कपडे ओले होतात. त्यापेक्षा नकोच ते पाणी."

म्हणजे मी रोज पेला भरून ठेवत होते आणि त्या ठरवून पीत नव्हत्या. हे माझ्या लक्षात यायला पंधरा दिवस लागले, याचं फार वाईट वाटतंय.

सहकारी म्हणतात डायपर लावा. मला ते पटत नाही. ज्या बाईला लघवीची जाणीव आहे, जी चालू शकते, तिला डायपर लावला तर तिचं चालणंही जाईल. ओलसर राहून कातडी खराब होईल ती वेगळीच. पण मनुष्यबळ वाढणार नाही, हेही खरं. आहे त्या वेळात हे कसं बसवायचं? कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

सिस्टर, डायपरला नाही म्हणालात ते योग्यच केलंत. मी बावीस वर्षं याच कामात आहे.

आधी सलग तीन दिवस नोंद ठेवा: किती वाजता किती प्यायल्या, किती वाजता लघवीला गेल्या, कपडे कधी ओले झाले. बहुतेकांचा ठरावीक क्रम दिसतो. मग बेलची वाट न पाहता त्या वेळेच्या थोडं आधी तुम्हीच जाऊन विचारा. सुरुवातीला जास्त वेळ जातो, पण पुढे चादरी आणि कपडे बदलण्याचा वेळ वाचतो. मदतनिसाला हाच हिशोब दाखवा, तिला लगेच पटेल.

नाश्त्यानंतर कमोडवर जरूर बसवा. पोटात अन्न गेलं की आतडी हलतात, त्या वेळी शौचाला सोपं जातं. पाय अधांतरी नकोत, खाली पाट द्या. आणि दार लावून घ्या, घाई करू नका.

पाणी एकदम पेलाभर देऊ नका. गोळ्यांबरोबर, अंघोळीनंतर, कूस बदलण्याच्या फेरीला जाता-येता, असं थोडं थोडं. संध्याकाळी उशिरा कमी. त्याआधी दोन गोष्टी डॉक्टरांना विचाराच: हृदय किंवा किडनीमुळे पाण्यावर बंधन आहे का, आणि लघवीची गोळी चालू असेल तर ती कोणत्या वेळी द्यायची. पक्षाघात झालाय म्हणून गिळणंही तपासून घ्या. पिताना खोकला येतो का, नंतर आवाज ओलसर, म्हणजे घशात पाणी अडकल्यासारखा होतो का, याकडे लक्ष ठेवा. पाजताना ताठ बसवा.

प्रतिसाद २

माझे वडील अशाच एका ठिकाणी होते, त्या अनुभवावरून विचारते. बेल पलंगाच्या कोणत्या बाजूला आहे? वडिलांची दुबळ्या हाताकडे होती. कित्येक दिवस कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार. आत्ता जाऊन पाहिलं. बेल डावीकडेच होती, आणि पेलाही. दोन्ही उजवीकडे घेतलं. नोंदीचा कागद कूस बदलण्याच्या तक्त्याशेजारीच लावला, सहीच्या रकान्यासकट. गिळण्याच्या तपासणीचं उद्याच्या फेरीत डॉक्टरांशी बोलते.

आजींना सांगितलं की आता दर दोन तासांनी मीच विचारायला येईन. त्या म्हणाल्या, "बघू." दुपारी अर्धा पेला प्यायल्या. तीन दिवसांची नोंद झाली की इथेच लिहीन.