पहिलीतच ‘अ’ आणि ‘ब’ तुकडी, मुलगी डिसेंबरची आहे

घणसोलीची आई
मुलगी जूनमध्ये पहिलीत गेली तेव्हा जेमतेम साडेपाचची होती. दिवाळीनंतर शाळेने वाचन घेऊन तुकड्या पाडल्या, ती ‘ब’मध्ये गेली. ‘अ’ला इंग्रजी वाचनाचा जादा तास, स्पर्धा, स्नेहसंमेलनात निवेदन. बाई म्हणतात, पुढच्या वर्षी वर येईल. जादा तास ‘अ’लाच, मग ही वर येणार कशी?

ऐरोलीकर बाबा
ताई, पहिलीचं कोण बघतं? आमचा मोठा ‘ब’मध्येच होता, दहावीला चांगले मार्क पडले.

निवृत्त शिक्षिका, कळवा
बाबा, तुमच्या मुलाचा आनंद आहे, पण घरी कोणी शिकवणारं होतं ना? माझ्या वर्गात रेल्वेलाइनलगतच्या चाळींतली मुलं असायची. त्यांना जे मिळायचं ते वर्गातच.

ताई, तुमची शंका रास्त आहे. आपल्याकडे पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे जानेवारीचं आणि डिसेंबरचं मूल एकाच बाकावर, मध्ये जवळपास वर्षाचं अंतर. त्या वयात वर्ष म्हणजे केवढं! जानेवारीचं मूल धडाधडा वाचतं, आपण त्याला हुशार म्हणतो, पुढे बसवतो, फळ्यावर बोलावतो. ते आणखी धीट होतं. कॅनडात ज्युनियर आइस हॉकीच्या (बर्फावरच्या हॉकीच्या) खेळाडूंबद्दल १९८५ साली रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी हेच दाखवलं: तिथे वयोगट १ जानेवारीला बदलतो, आणि वरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेले खेळाडू शेवटच्या तिमाहीतल्यांपेक्षा कितीतरी जास्त. लहानपणी अंगाने मोठी म्हणून निवडली, मग चांगला कोच, जास्त सामने मिळाले.

मोठ्यांच्या जगातही तेच. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ साली लिहिलं की सारख्याच कामाचं श्रेय आधीच नावाजलेल्या शास्त्रज्ञाला जास्त मिळतं. तो लेख हॅरिएट झुकरमन यांनी घेतलेल्या नोबेल विजेत्यांच्या मुलाखतींवर बराच आधारलेला होता, पण छापला गेला एकट्या मर्टन यांच्या नावावर. लेख दोघांच्या नावाने यायला हवा होता, हे मर्टन यांनी पुढे स्वतःच लिहिलं. मला हे फार लागलं.

म्हणून तुकडी बदला असं मागू नका, तुमच्या जागी दुसरं मूल ‘ब’मध्ये जाईल. जादा तास ‘ब’ला आधी द्या, असं मागा.

घणसोलीची आई
बाई, पालकसभा शनिवारी आहे. ‘ब’मधल्या आणखी दोघींच्या मुलीही नोव्हेंबर-डिसेंबरच्याच निघाल्या. तिघी मिळून दोन्ही तुकड्यांच्या जन्मतारखा समोर ठेवायला सांगतो, आणि तासाचं लेखी देतो.

निवृत्त शिक्षिका, कळवा
लेखी द्याच, आणि पोच घ्या. निवेदनाचंही लिहा त्यात. माइकसमोर उभं राहायला ‘ब’च्या मुलीही शिकतात, फक्त उभं करावं लागतं.