गणपतराव देशमुख: अकरा वेळा आमदार, पण सांगोल्याला मिळालं काय?

कोरडवाहू:
भाई गणपतराव देशमुखांचा विषय निघाला की लोक एसटीच्या प्रवासावर आणि साध्या राहणीवर येऊन थांबतात. मला हे खटकतं. १९६२ ला ते सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून पहिल्यांदा निवडून आले, २०१४ ला अकराव्यांदा. मधे १९७२ आणि १९९५ हे दोनच पराभव. एवढी वर्षं तालुका एका माणसाच्या हातात देऊनही कृष्णेचं पाणी शिवारात यायला पिढ्या गेल्या. स्वच्छ हात ही तर किमान अपेक्षा आहे, ती कामगिरी म्हणून मोजू नका. शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) सोडून सत्तेतल्या पक्षात गेले असते तर पाणी कितीतरी आधी आलं असतं.

माणगंगा:
मग शेजारच्या जत तालुक्याकडे बघा. तिथं काँग्रेस झाली, भाजप झाली. तरी २०२२ मध्ये तिथल्या काही गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जायची भाषा केलीच. सत्तेतला आमदार म्हणजे पाणी, हे गणित आमच्या भागात कधी जुळलं नाही.
टेंभू उपसा सिंचन योजनेत कृष्णेचं पाणी कराडजवळून टप्प्याटप्प्यानं उचलून चढावर आणायचं असतं. पंप, वीज आणि दर हंगामाला वीजबिल कोण भरणार हा वाद. एका आमदाराच्या वजनावर हे होत नाही. म्हणून स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींसोबत आबा, म्हणजे गणपतराव, दुष्काळी भागाच्या पाणी परिषदेत उतरले. तेरा दुष्काळी तालुके, दर वर्षी आटपाडीला परिषद. वेगवेगळ्या पक्षांची माणसं एका मांडवात बसवणं हे विरोधी बाकावरच्या माणसालाच जमलं. मला तर हेच त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं. एसटीचं राहू द्या.

कोरडवाहू:
जतचा मुद्दा मान्य. पण ते कायम विरोधी बाकावर नव्हते. १९७८ च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात मंत्री होते, १९९९ ला विलासरावांच्याही मंत्रिमंडळात होते. तेव्हा काय झालं?

माणगंगा:
पुलोद सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झालं, दोन वर्षंही मिळाली नाहीत. दुसऱ्या वेळी २००२ ला शेकापनं पाठिंबा काढला आणि आबांनी पद सोडलं. खुर्चीसाठी पक्ष बदलणारे तेव्हाही होते.

कोरडवाहू:
म्हणजे पक्षनिष्ठेची किंमत तालुक्यानं मोजली. हेच तर मी म्हणतोय!

चरखा:
दोघंही पाण्यावरच बोलताय. माझी आई आबांनी सांगोल्यात उभ्या केलेल्या सहकारी सूतगिरणीत कामाला होती. राज्यात किती सहकारी गिरण्या संचालकांनी बुडवल्या आणि भंगारात काढल्या, ते सगळ्यांना माहीत आहे. आमची चालत राहिली, महिन्याचा पगार घरी येत राहिला आणि त्याच पगारावर मी शिकले. दुष्काळी गावातल्या बाईला वर्षभर पगार मिळणं म्हणजे काय, हे बाहेरून कळायचं नाही. कोरडवाहू, तुमच्या हिशेबात हे कुठं धरलंय?

कोरडवाहू:
ताई, ते धरायला हवं होतं, राहिलं. गिरणीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण एक प्रश्न उरतोच. पन्नासहून जास्त वर्षं नेतृत्व केल्यावर पुढची फळी कुठं दिसते? २०१९ ला आबा थांबले आणि उमेदवारी नातवाला मिळाली. तो ७६८ मतांनी पडला. २०२४ ला दुसरा नातू निवडून आला. कष्टकऱ्यांचा पक्ष म्हणवता, मग चळवळीतला एखादा कार्यकर्ता उभा करता आला नसता?

चरखा:
यावर माझ्याकडे उत्तर नाही. मलाही ते टोचतं.

माणगंगा:
मला तेवढं टोचत नाही, मतं लोकांनी दिलीत. पण फळी नाही म्हणता तर माझ्या वडलांसारख्यांना विसरू नका. भाकरी बांधून ते परिषदेला जायचे. कुठल्या पदावर नव्हते, निवडणुकीला कधी उभे राहिले नाहीत. कोणत्या टप्प्यावर किती पंप बंद आहेत, हे मात्र त्यांना तोंडपाठ असायचं आणि अधिकाऱ्यासमोर उभं राहून ते विचारायचे. हे त्यांना आबांनीच शिकवलं.