दुकानातला सरकता जिना काढला, त्याचं दुःख कशाला?

खणभागकर

विश्रामबागेच्या बाजूला एका कापड दुकानात नूतनीकरण चाललंय. त्यात तिथला सरकता जिना काढला आणि त्याच जागी लिफ्टचं काम सुरू झालं. तेव्हापासून आमच्या शाळेच्या ग्रुपवर दुसरा विषय नाही. पहिल्यांदा चढताना कोण आजीला बिलगलं, कोणाची चप्पल एकटीच वरच्या मजल्यावर पोचली, सुट्टीत मामाच्या पोरांना मुद्दाम 'जिना दाखवायला' कोण घेऊन गेलं. वाचायला छान वाटतं. पण पुढे 'सांगलीचं एक वैभव गेलं' असं सुरू झालं, ते मला पटेना, म्हणून इथे लिहितोय.

तो जिना गेला ते बरं झालं. दुकानातला सरकता जिना गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी कधी नव्हताच. असता तर उतरणाराही लावला असता. आपल्या भागात मी पाहिलेल्या दुकानांत जिना फक्त वर जाणारा. खाली यायला कोपऱ्यातला नेहमीचा, अरुंद. गुडघे दुखणाऱ्या कोणालाही विचारा, चढण्यापेक्षा उतरताना जीव जास्त जातो. म्हणजे वर न्यायची जबाबदारी दुकानाची, आणि खरेदी झाली की तुमचे गुडघे तुमच्यापाशी.

बस्त्याचं बघा. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडनं लग्नघरची माणसं गाडी भरून येतात. शालू आणि भारी माल वरच्या मजल्यावर. सगळी वर जातात. आणि कोणाला मानपानाची कसली साडी द्यायची हे जिला ठाऊक, ती म्हातारी खाली खुर्चीत पिशव्या सांभाळत बसते, कारण तिला त्या जिन्याची धास्ती वाटते. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की मला त्या जिन्याबद्दल प्रेम वाटूच शकत नाही.

मीटरभर रुंदीचा जिना सेकंदाला अर्धा मीटर वेगाने चालला तर तासाला सुमारे 6000 माणसं वर नेतो. लिफ्टला ते जमणार नाही हे मान्य. पण एवढी माणसं वर जायला हवीत ही गरज दुकानदाराची, कारण वरचा मजला विकला गेला पाहिजे. व्हीलचेअरवरचा माणूस मात्र त्या जिन्यासमोर थांबतो, तो थांबतोच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये सार्वजनिक इमारत म्हणजे फक्त सरकारी कचेरी नव्हे. लोकांचा वावर असलेली खासगी इमारतही त्यात येते. तेव्हा लिफ्ट हा दुकानदाराचा उपकार नाही. इतर दुकानांनीही हेच करावं.

हरभटरोड

पटलं नाही, आणि वाचून वाईट वाटलं.

आमच्या आईच्या पिढीतल्या बायकांच्या वाट्याला यंत्रं कोणती आली ते आठवा. पिठाची गिरणी, शिलाई मशीन, पुढे मिक्सर. सगळी कामाची. हा जिना म्हणजे पहिलं असं यंत्र की ज्याने तिच्याकडून काही करून न घेता तिला उचलून वर नेलं, आणि तेही फुकट. जत्रेतल्या पाळण्याला पैसे पडायचे. इथे काही घ्यायचं नसलं तरी माझी आई एकदा वर जाऊन आली, खाली उतरली आणि पुन्हा चढली. कोणी अडवलं नाही. घरी येऊन ती शेजारणीला जे सांगत होती त्यात साडीचं नावही नव्हतं.

आणि ही गंमत काही फक्त आपल्याकडची नाही. 1896 मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर जेसी रेनो यांनी सरकता उतार बसवला, तो मुळात करमणुकीच्या जागी. चढण जेमतेम सात फुटांची, तरी दोन आठवड्यांत 75,000 लोक त्यावरून गेले असं सांगतात. लंडनच्या हॅरॉड्सने 1898 च्या नोव्हेंबरात दुकानात असा जिना लावला. त्याला पायऱ्याही नव्हत्या, नुसता चामड्याचा पट्टा. वर पोचलेल्या गिऱ्हाइकाला घाबरल्यासारखं झालं तर द्यायला तिथे ब्रँडी ठेवली होती! लंडनच्या श्रीमंतांना ब्रँडी लागली. आमच्या जतच्या मावशीने नुसता पदर खोचला आणि पाय टाकला. अशा मावशीची आठवण कोणी लिहिली तर त्यात गैर काय?

सोय-गैरसोय एवढ्याच मापाने सगळं मोजलं तर शहरात आनंदाची जागा उरणार नाही.

मिरजकर_आजी

खुर्चीत पिशव्या सांभाळत बसलेली ती मी आहे.

हरभटरोड, तुमच्या आईंचा आनंद खराच. माझंही ऐका. मी नऊवारी नेसते. त्या जिन्याशी गेले की पायऱ्या जमिनीतून निघताना दिसायच्या आणि पाय उचलायचाच नाही. मागे रांग लागायची, मागचे चुकचुकायचे. लोकांसमोर पोरांनी धरून ओढत न्यावं त्यापेक्षा बसलेलं बरं, असं म्हणून बसायची. दुकानातला माणूस भला, त्याने मोजक्या साड्या खाली आणून दाखवल्या. पण वर गादीवर ढीग उलगडला होता. माझ्या सुनेचा शालू मी घरी आल्यावर पाहिला. निवड चांगलीच होती, तक्रार नाही. मी तिथे नव्हते एवढंच.

लिफ्ट येते आहे तर येऊ द्या.

कुपवाडचा_मिस्त्री

लिफ्ट-एस्केलेटरच्या मेंटेनन्समध्ये आहे, म्हणून थोडं सविस्तर.

आजी, पाय उचलत नव्हता यात तुमचं काही चुकलं नाही. पायऱ्या रहाटगाडग्यासारख्या साखळीवर फिरत असतात. प्रत्येक पायरीला चाकांच्या दोन जोड्या, दोन्ही वेगळ्या रुळांवर. टोकाला रूळ असे वळवलेले असतात की पायऱ्या सपाट येतात आणि पुढे एकेक वर उचलली जाते. सुरुवातीला किती पायऱ्या सपाट मिळतात यावर नवख्या माणसाचं सगळं अवलंबून. दुकानात जागा वाचवायला दोनच देतात. वर्दळीच्या स्टेशनांसाठी तीन मागतात. त्या एका जादा पायरीने पाय स्थिर करायला वेळ मिळतो. पण त्यासाठी जिना लांब होतो, म्हणजे विक्रीची जागा जाते.

दुसरं, हँडरेल. पायऱ्या साखळीवर चालतात, हँडरेल घर्षणावर. घर्षणाचं चाक झिजलं की हँडरेल मागे पडू लागतं. पाय पुढे, हात मागे. तरुण माणूस हात सरकवून घेतो, म्हातारं माणूस मागे कलतं. हे वेळेवर दुरुस्त होत नाही, कारण जिना 'चालू' दिसत असतो.

साडीसाठी कडेला काळे ब्रश लावतात, त्याला आपल्याकडे साडीगार्डच म्हणतात. ब्रश पायाला लागला की माणूस आपोआप आत सरकतो आणि पदर, काठ, मऊ रबरी चप्पल फटीपासून लांब राहते. पिवळ्या पट्ट्याच्या आत उभं राहायचं ते याचसाठी. ब्रश नसलेले जिने मी पाहिलेत, आणि तेही साड्यांच्या दुकानात.

आणि बंद पडलेला सरकता जिना हा जिना नसतो हे लोकांना सांगून थकलो. पायरीची उंची आपल्या घरच्या जिन्यापेक्षा जास्त, टोकाच्या पायऱ्या तर एकसारख्याही नसतात. शिवाय तो हलणार अशी पायांना सवय झालेली असते, त्यामुळे पहिल्या पावलाला तोल जातो.

कापड दुकानात आणखी एक गोष्ट. पायऱ्यांखाली ग्रीस आणि कापडाचे तंतू साठतात. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनात 18 नोव्हेंबर 1987 ला लाकडी सरकत्या जिन्याखाली पेटती काडी पडली, साठलेल्या ग्रीस-कचऱ्याने पेट घेतला आणि 31 माणसं गेली. आताच्या पायऱ्या धातूच्या असतात, पण खालची सफाई टाळून चालत नाही. ती करायची म्हणजे पायऱ्या काढायच्या, जिना दिवसभर बंद. लग्नसराईत कोणी परवानगी देत नाही.

पूर्वी तपासणीलाही आधार नव्हता. 1939 चा मुंबईचा कायदा लिफ्टपुरता होता. महाराष्ट्रात सरकते जिने कायद्याखाली आले ते 2017 च्या नव्या अधिनियमाने.

भारनियमनग्रस्त

2005 नंतरची लोडशेडिंगची वर्षं विसरलात का? तेव्हा दिवे गेले की जिन्यावरचा माणूस निदान पायी उतरत होता. लिफ्टमध्ये अडकला असता तर? मला आजही लिफ्टपेक्षा जिनाच बरा वाटतो.

हरभटरोड

आजी, तुमचं वाचून गप्प झालो. तुमचा शालूचा मुद्दा मी खोडणार नाही, खोडताही येणार नाही.

पण मिस्त्रींनी जे लिहिलंय त्यातूनच माझं म्हणणं पुढे जातं. दोन सपाट पायऱ्या, झिजलेलं हँडरेल, नसलेले ब्रश. हे सगळे दुकानाच्या काटकसरीचे दोष आहेत. आणि एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. सुरुवातीला जिन्याच्या पायथ्याशी एक पोरगा उभा असायचा. 'मावशी, पट्टा धरा, आता टाका पाय' म्हणायचा, गरज पडली तर लाल बटण दाबून थांबवायचा. वरच्या टोकाला दुसरा. बायकांना चुकचुकणाऱ्या गर्दीसमोर उभं राहावं लागत नव्हतं. नवलाई संपली तशी ती पोरं काउंटरला लावली, मग तीही कमी झाली. पगार वाचला, आणि आजी खुर्चीत बसल्या. जिन्याला दोष देऊ नका, माणूस काढला त्याला द्या.

गावभाग

सांगलीत बसून पुराचा उल्लेख कोणीच करू नये याचं आश्चर्य वाटलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45. मारुती रोड, हरभट रोडची दुकानं पाण्यात होती. पेठेत ज्यांनी तळमजल्यावर यंत्रं लावली त्यांनी काय भोगलं ते आम्ही बघितलंय. 2005 चा पूर पाहिलेल्या माणसाने पेठेत सरकता जिना लावायलाच नको होता. विश्रामबागेचं वेगळं असेल.

कुपवाडचा_मिस्त्री

बरोबर. जिन्याचं खालचं टोक जमिनीखालच्या खड्ड्यात असतं. मोटर बहुधा वरच्या टोकाला, पण साखळी, चाकं, बेअरिंग सगळी फिरून खाली येतात. गाळाचं पाणी शिरलं की खर्च इतका निघतो की मालक नवीनच्या किमतीशी तुलना करू लागतो. लिफ्टलाही खड्डा असतोच, ती पुरातून सुटते असं नाही. पण पाणी चढायच्या आत कॅबिन वरच्या मजल्यावर नेऊन वीज तोडता येते. जिना कुठे नेणार?

आणि भारनियमनग्रस्त, वीज गेली की लिफ्ट जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारं बॅटरीचं उपकरण मिळतं. लिफ्ट घेताना ते मागून घ्यायचं.

खणभागकर

हरभटरोड, पायथ्याच्या पोराचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. पण तो पोरगा असतानाही खाली यायला काय होतं? तोच कोपऱ्यातला जिना. 'पट्टा धरा' म्हणणाऱ्याने आजीला वर चढवली असती, उतरवली नसती. हा प्रश्न तुम्ही दोन्ही वेळा टाळलात. आनंदाला माझा विरोध नाही. ज्या सोयीत एकीला वर नेलं आणि दुसरीला खाली बसवलं, तिला शहराचं वैभव म्हणायला विरोध आहे.

हरभटरोड

टाळलं नाही, मला उत्तर सुचलं नव्हतं. आता विचारतो. मिस्त्री, एकच जिना लावायची ऐपत असेल तर तो उतरणारा ठेवता येतो का?

कुपवाडचा_मिस्त्री

येतो. बहुतेक जिने किल्लीने उलटे चालवता येतात. आधी पूर्ण थांबवायचा, वर एकही माणूस नाही हे बघायचं, मग दिशा बदलायची. सकाळी दुकान भरताना वर आणि दुपारनंतर खाली, असं ठेवायला यंत्राची अडचण नाही. टोकाला माणूस मात्र हवा, कारण दिशा बदलल्याचं गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे. मी काम केलं तिथे कोणा मालकाने कधी उतरता मागितला नाही.

मिरजकर_आजी

उतरता असता तर मी चढले असते कशीबशी. परतीची भीती जास्त होती.

खणभागकर

तरी लिफ्ट हवीच. व्हीलचेअरचं उत्तर उतरत्या जिन्यात नाही.

हरभटरोड

लिफ्टला मी आता नाही म्हणत नाही. पण मिरज रोडला अजून एका दुकानात सरकता जिना चालू आहे, तो तरी काढायची घाई नको. त्या मालकांशी आमचा जुना घरोबा आहे, रविवारी भेटतो. दुपारनंतर जिना खाली चालवा, दोन्ही टोकांना माणूस ठेवा, ब्रश तपासून घ्या, आणि लिफ्टसाठी जागा कुठे निघते ते बघा, हे सगळं मांडतो. मिस्त्री, वेळ असेल तर बरोबर या. हँडरेल मागे पडतंय का ते तुम्हीच सांगू शकाल.

कुपवाडचा_मिस्त्री

येतो. अकराच्या आधी ठेवा, गर्दी व्हायच्या आत.