देवघरातल्या छापील लक्ष्मीच्या जागी नवी प्रिंट लावावी का?

प्रश्न : उत्तर कसबा (सोलापूर)
आमच्या सोलापूरच्या घरात राजा रविवर्मा यांच्या चित्रावरून छापलेली लक्ष्मीची जुनी तसबीर आहे. आजीने लक्ष्मीच्या पदरावर बारीक टिकल्या आणि जरीची किनार खळीने चिकटवली होती. गेल्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि चित्राचा खालचा कोपरा कुजला. फ्रेमवाल्याने चित्र स्कॅन करून कॅनव्हासवर उजळ रंगांत छापून देण्याचे सुचवले. धाकटा भाऊ म्हणतो, जुने चित्रही छापीलच आहे, मग प्रतीच्या जागी प्रत लावल्याने काय बिघडते? मला उत्तर सुचले नाही. परंतु नमुन्याच्या प्रिंटमध्ये टिकल्यांच्या जागी नुसते राखाडी ठिपके उमटलेले पाहिले आणि होकार देववेना. प्रतीला स्वतःचे मोल असते का, आणि असल्यास ते येते कुठून?

उत्तर : जुना छपाईवाला
आपल्या भावाचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे. रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला व पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. तिथल्या दगडी छपाईत प्रत्येक रंगासाठी चुनखडीचा वेगळा दगड लागे आणि मूळ तैलचित्र समोर ठेवून कारागीर त्या दगडावर हाताने ठिपके देत आकृती उतरवी. भिंग घेऊन लक्ष्मीचा गाल पाहा. ठिपके लहानमोठे, कुठे दाट तर कुठे विरळ दिसले, तर ते चित्र रविवर्मा यांच्या हातचे नसले तरी कोणा कारागिराच्या हातचे नक्कीच आहे. ते जाळीसारखे रांगेत दिसले, तर मात्र नंतरची ऑफसेट, म्हणजे छायाचित्रावरून यंत्राने केलेली छपाई समजावी. तिचे मोल मी कमी धरीन.

उत्तर : साखर पेठ
आमच्या घरात दोन पिढ्या चादरी विणल्या गेल्या, म्हणून वेगळ्या बाजूने लिहितो. आलेख कागदावर काढलेली नक्षी भोके पाडलेल्या पत्त्यांवर उतरते आणि ते पत्ते जकार्ड या नक्षी विणणाऱ्या यंत्रावर चढले की मोर असो वा वेलबुट्टी, एकसारख्या शेकडो चादरी निघतात. त्यांतली मूळ चादर कोणती, हा प्रश्नच उद्भवत नाही. मात्र तोच मोर पातळ कापडावर छापून सोलापुरी म्हणून विकला की आम्हाला राग येतो, कारण विणलेल्या चादरीत नक्षी सुतातच असते, तर छापील कापडावर ती वरून बसवलेली असते. त्यामुळे मूळ आणि प्रत यांपेक्षा वस्तू कशी घडली हे मला महत्त्वाचे वाटते.

उत्तर : पंढरपूरकर
ऑफसेट प्रतीचे मोल कमी धरण्याशी मी सहमत नाही. जर्मन विचारवंत वॉल्टर बेन्यामिन यांनी १९३० च्या दशकात असे मांडले की, यांत्रिक प्रतींमुळे कलाकृतीचे एका जागी, एका काळी असण्यातून येणारे तेज ओसरते, पण त्याच वेळी ती पूजाविधीच्या बंधनातूनही सुटते. आपल्याकडे उलट घडले : छापलेले चित्रच पूजेत गेले. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर खुले झाले. पण ज्यांना गाभारा बंद होता, त्यांनाही देवाची छापील तसबीर आपल्या भिंतीवर लावता येत होती. रविवर्मा यांचे मूळ चित्र राजवाड्यात राहिले असते तर आपल्या आजींना ही लक्ष्मी भेटलीच नसती. त्यांनी टिकल्या लावल्या तेव्हा हजारोंतली ती एक प्रत फक्त त्यांची झाली. स्कॅन अवश्य करा, पण जुने चित्र काढून टाकू नका.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : उत्तर कसबा
सर्वांचे आभार. काल भिंग लावून पाहिले. गालावरचे ठिपके विस्कळीत आहेत आणि डाव्या खांद्याशी एका टिकलीखाली खळीत अडकलेला बोटाचा ठसा स्पष्ट दिसतो. चित्र ओलीच्या भिंतीवरून काढून आतल्या खोलीत ठेवले आहे. स्कॅनची प्रिंट भावाच्या पुण्याच्या घरी जाईल. तिच्यावर टिकल्या लावायच्या की नाही, हे त्याच्या मुलीने ठरवायचे आहे.